रेव्हेस्टाची खोटी खिडकी

रेव्हेस्टा, शुक्रवार, ४ मे १९२८

टीरा बाळ,

सगळ्यात आधी टपकली ती पाद्रीणबाई लोविसा. सायकलवरून. म्हणे, "एल्फ्रीदा, जेलीला आंबट रुबार्ब असेल तर दोन दांड्या दे गं." रुबार्ब अजून मातीतून बोटभर वर आलेला नाही, आणि तिच्या परसात तो दरवर्षी माझ्याआधी उगवतो. पण स्टेशनावर तिला मोटार दिसली होती. मोटार जंगलरस्त्याला वळली म्हणजे रेव्हेस्टाच्या हवेलीशिवाय जाणार कुठे? म्हणून रुबार्ब. मी म्हटलं, "बस बाई, उगवेपर्यंत बस." बसली.

मग मोटार आली. आधी उतरला इंजिनियर हम्मारलिंड. ज्या लाकूड कंपनीनं जंगल घेतलं आणि जंगलाच्या शेपटाला ही हवेली तिच्या पदरात पडली, तिचा माणूस. अंगात चामड्याचा कोट, मे महिन्यात! त्याच्यामागून उतरले तुमच्या ऑफिसातले डॉक्टर ल्युंगफेल्ट. डॉक्टर म्हटल्यावर मी लगेच माझा गुडघा सांगायला घेतला. तर म्हणाले, "आजीबाई, मी माणसांचा नाही, जुन्या घरांचा डॉक्टर." मी म्हटलं, "मग घराचेच गुडघे बघा, ते माझ्याहून वाईट आहेत." हसले बिचारे. किती बारीक आहेत गं ते! पोटाला कोण घालतं त्यांना? तू बजावलं होतंस तसं मी तुझं नाव काढलं नाही. का काढायचं नाही ते मात्र मला कळलेलं नाही.

किल्ल्या माझ्याकडे, तेव्हा मीच सगळी हवेली दाखवली. तुला माहीत आहे, खालच्या मजल्यावर सगळी दारं एका ओळीत आहेत. एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाच्या खिडकीतली झाडं दिसतात. डॉक्टर तिथे कितीतरी वेळ उभे राहिले आणि "अहाहा" म्हणाले. मी म्हटलं, "अहाहा खरं, पण एक दार उघडं राहिलं की सगळ्या घराला थंडी वाजते. हे ज्यानं बांधलं त्या कर्नलसाहेबानं उन्हाळ्यात बांधलं असणार." त्यांनी हे वहीत लिहून घेतलं, खोटं नाही सांगत. दिवाणखान्याच्या छताला चुन्याची फुलंफळं आहेत ना, त्यातलं आणखी एक सफरचंद हिवाळ्यात पडलं. मी ते जपून ठेवलंय. त्यांनी ते रुमालात गुंडाळून बघितलं आणि परत दिलं. भिंतींवर बोटांनी टकटक करत होते, आपण पाव भाजला का बघायला तळाशी करतो तसं.

मग बाहेर येऊन हिरवळीच्या मधोमध उभे राहिले. बराच वेळ. मग इंजिनियरला म्हणाले, "भिंती कर्नलच्या काळच्या, दोन टप्प्यांचं दुमडीचं छप्परही त्या काळचं. पण खिडक्या सगळ्या बदललेल्या. जुनं चित्र नाही, नकाशा नाही. डोळेच बदलले, तर चेहरा ओळखायचा कसा?" इंजिनियर खूश दिसला. का कोण जाणे. हात लांब करून म्हणाला, "आणि ती डावीकडची बघा. तिचा तर कुणाशीच मेळ नाही."

टीरा, माझे कान लाल झाले. पाहुण्यानं आपल्या टेबलक्लॉथवरचा डाग दाखवावा तसं झालं. ती डावीकडची म्हणजे आपली खोटी खिडकी.

तू लहानपणी मला विचारायचीस, "आजी, त्या खिडकीत कोण राहतं?" कोणी नाही बाळा, तिच्यामागे स्वयंपाकघराचं धुराडं वर जातं. कर्नलसाहेब लढाईवरून परदेशचे राजवाडे बघून आला होता. त्याला डावीकडे जितक्या खिडक्या तितक्याच उजवीकडे हव्या होत्या, एकही कमी नको. धुराडं मध्ये आलं, तर गवंड्याला म्हणाला, "रंगव!" तेव्हापासून ती रंगवलेलीच. आणि पावसानं रंग जातो, म्हणून जूनमधल्या मिडसमरच्या सणाच्या आदल्या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या सगळ्यांत वडील बाईनं ती पुन्हा रंगवायची. मामसेल ओतिलियाच्या आधी तिची मामसेल रंगवायची, तिच्या आधी आणखी कोणी. चुना, काजळी आणि साय काढलेलं दूध. मामसेल घरची कारभारीण, तिच्या हाताखाली मी पोरसवदा असताना शिकले. ती म्हणायची, "एक तावदान अर्धवट उघडं काढायचं, एल्फ्रीदा. आत बसलेल्याचा जीव गुदमरायला नको." आत तर धुराडं! पण मी दरवर्षी एक तावदान उघडं काढते.

आता तिचा मेळ का नाही, ते ऐक. मी नवी नवी इथे आले होते तेव्हा त्या वेळच्या मालकाच्या, बॅरनच्या, बायकोनं घरातल्या सगळ्या खिडक्या उपटून मोठ्या काचांच्या बसवून घेतल्या. तिला कादंबऱ्या वाचायला उजेड हवा होता. काचवाल्याला दर खिडकीमागे पैसे ठरले होते. शेवटी ती म्हणाली, "आणि ही रंगवलेलीसुद्धा नवीन धर्तीची कर." काचवाला शिडीवरून उतरला, टोपी काढली आणि म्हणाला, "बाईसाहेब, जी खिडकी नाही तिचे पैसे मी घेत नाही, आणि पैसे घेतल्याशिवाय काम करत नाही." आम्ही मुली दाराआड तोंडात एप्रन कोंबून हसत होतो! तेव्हा ती तशीच राहिली, बारीक बारीक तावदानांची. आणि आम्ही आपल्या दरवर्षी तीच तीच रेघ ओढत आलो.

पण आता पाहुण्यांनी नाव ठेवलं. ते मे संपता संपता पुन्हा येणार आहेत. त्याआधी मी ती बाकीच्यांसारखी करून टाकते, मोठ्या काचांची, नीटनेटकी. गिलाव्यात काही खाचा आहेत त्या आधी लांबीनं, त्या पांढऱ्या लुकणानं, भरल्या असत्या तर हात सरळ फिरला असता, पण माझा लांबीचा अख्खा डबा शेजारच्या वालफ्रीदनं होडीची फट बुजवायला नेलाय, तो ईस्टरपासून. "उद्या आणतो, एल्फ्रीदा." त्याचा उद्या आणि शेवटच्या निवाड्याचा दिवस एकदमच उगवणार.

कॉफीला केक पाच प्रकारचे झाले. पाद्रीणबाईनं मोजले. सात हवेत हे मला कळतं, साताच्या खाली पाहुण्याला कमी लेखल्यासारखं आणि वर गेलं तर मिरवल्यासारखं. पण अंडी नव्हती. इंजिनियर मात्र भला माणूस वाटला. मला विचारत होता, गावातल्या नव्या वृद्धाश्रमात खोली घ्याल का, नळाचं पाणी आहे, जिना नाही. मी म्हटलं, "माझ्या गुडघ्याची काळजी तुम्हालाच पडली बघा." आणि त्याला तिसरा कप ओतला.

अक्षराला हसू नकोस. फिरता मास्तर आमच्या गावात दोन हिवाळे आला आणि तिसऱ्या हिवाळ्यात वारला, तेवढीच माझी शाळा.

तुझी आजी
एल्फ्रीदा


स्टॉकहोम, मंगळवार, ८ मे १९२८

प्रिय आजी,

आधी मुद्द्याचं. त्या खिडकीला हात लावू नकोस. ब्रशही नको, फडकंही नको. हे वाचून मग बाकीचं वाच.

आता बाकीचं. मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. कंपनीला हवेली पाडायची आहे. छप्पर गळतं, दुरुस्तीला फार खर्च आहे, आणि विटा विकल्या जातात. जुन्या घरांचं काम आमच्या ऑफिसकडे, म्हणून त्यांचा परवानगीचा अर्ज आमच्याकडे आला तो मीच टाइपरायटरवर उतरवला. हवेली जाईल तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंच्या बैठ्या इमारतीही जातील. म्हणजे तुझी खोलीही. इंजिनियरला तुझ्या गुडघ्याची काळजी नाही आजी, त्याला तुझी खोली रिकामी हवी आहे. तुला सांगितलं असतं तर तू रात्रभर जागली असतीस, म्हणून नाही सांगितलं. आणि माझं नाव काढू नकोस म्हटलं, कारण आपल्याच आजीसाठी कागद पुढे सरकवते असं कोणी म्हणायला नको.

डॉक्टर परत आले ते हिरमुसून. म्हणाले, "सुंदर घर. पण मी छातीवर हात ठेवून काय सांगू? समोरची अर्धी बाजू खिडक्यांची असते, आणि त्या काळच्या खिडक्या कशा होत्या याचा एकही पुरावा नाही. कंपनीचा वकील म्हणेल, हे तर अवघं पन्नास वर्षांचं घर आहे." पुरावा मिळाला तर ते सरकारकडून हवेलीवर जपणुकीचा शिक्का मारून घेऊ शकतात. मग कोणी पाडू शकत नाही.

आणि मग तुझं पत्र आलं. आजी, मी काचवाल्याचा किस्सा वाचून ट्राममध्येच खूप हसले आणि मग तो पुन्हा वाचला. बाकीच्या सगळ्या खिडक्या बदलल्या. ती एकच नाही बदलली. तुम्ही दरवर्षी तीच तीच रेघ ओढत आलात. म्हणजे कर्नलसाहेबाच्या काळच्या खिडक्या कशा होत्या, ते फक्त खोट्या खिडकीत उरलंय!

डॉक्टर दौऱ्यावर गेलेत, वीस तारखेनंतर येतील. आल्या आल्या सांगते. तोवर तू फक्त हात बांधून बस. तुला ते जमत नाही मला माहीत आहे, पण बस.

तुझी
टीरा

ता. क. डॉक्टरांच्या पोटाला कोणी घालत नाही. विधुर आहेत.


रेव्हेस्टा, रविवार, १३ मे १९२८

टीरा बाळ,

तू लिहितेस, हात लावू नकोस. लावला.

तुझं पत्र काल शनिवारी दुपारी आलं. पोस्टमन एव्हर्टच्या गाडीचं चाक मोडलं, तेव्हा तो दोन दिवस पायीच होता, आणि पायी तो आधी गिरणीकडे जातो, कारण तिथे त्याला बिअर मिळते. तो आला तेव्हा मी शिडीवरून उतरून ब्रश धूत होते. शुक्रवारी अर्धी, शनिवारी अर्धी. मोठ्या काचा, अगदी बाकीच्यांसारख्या. पाद्रीणबाई सायकलवरून उतरून म्हणाली, "आता कशी माणसात आली!" मला किती बरं वाटलं होतं. मग मी पत्र उघडलं.

तीनदा वाचलं. मग बादली आणि फडकं घेऊन पुन्हा वर चढले आणि खालचा एक कोपरा पुसून बघितला. नवा रंग निघाला, पण त्याच्यासोबत जुनाही तपकिरी पाणी होऊन हातावर आला. तेव्हा थांबले. तेवढी अक्कल देवानं दिली.

आता रडून काय होतंय? मी रडले नाही. वेलदोड्याचा पाव मळायला घेतला, कारण हाताला काहीतरी हवं होतं. मळता मळता वाटलं, ही मामसेलनं केलेली शिक्षा. तिनं सांगितलं होतं, मिडसमरच्या आदल्या आठवड्यात रंगवायची, आधी नाही. मी कधी वेळ मोडली नव्हती. ह्या वर्षी एका चामड्याच्या कोटासाठी मोडली. आणि बघ, ह्या वेळी मी ते उघडं तावदानही काढलं नाही. मोठ्या काचेत उघडं कुठून काढणार?

रेघा मला तोंडपाठ आहेत, पुन्हा काढीन म्हटलं तर डोळे मिटून काढीन. पण म्हातारीच्या आठवणीला वकील काय विचारतो? तो हसेल. तूही हसशील.

बरं, ते वालफ्रीदचं. लांबीचा डबा त्यानं अजून दिलेला नाही, तेव्हा गिलाव्यातल्या खाचा तशाच राहिल्या. त्यामुळे मोठ्या काचेच्या मध्येच ब्रश अडखळून अडखळून जायचा. ह्या खाचा पहिल्यापासून आहेत. एरवी बऱ्या पडतात, ब्रश आपोआप त्यांच्यातून चालतो, रेघ वाकडी होत नाही. पण ह्या वेळी आडव्या आल्या. जवळून बघितलं तर जरा खडबडीत दिसतं, लांबून कळत नाही. म्हणजे कामही धड नाही झालं! वालफ्रीदला मी कुंपणावरून नको नको ते बोलले. तो म्हणाला, "एल्फ्रीदा, होडी बुडाली असती तर तू मला रडली असतीस." मी म्हटलं, "डब्याला रडले असते."

पाडणार आहेत हे मला आधी सांगायला हवं होतंस. मी जागले असते खरी, पण त्या माणसाला तिसरा कप ओतला नसता.

वृद्धाश्रम वाईट आहे असं मी म्हणत नाही. लीनाबाई तिथे आहे, तिला नळाचं फार कौतुक. पण मी इथे तुझ्या आजोबांशी लग्न केलं तेव्हापासून ह्या खोलीत निजते. छपरावरचे कावळे उठतात तेव्हा मी उठते. मला दुसरीकडे झोप लागत नाही, एवढंच. डॉक्टरांना माझ्याकडून सांग, म्हातारीनं घाण केली. लपवू नकोस, तुझी लपवायची खोड काही चांगली नाही.

आजी


स्टॉकहोम, मंगळवार, २२ मे १९२८

प्रिय आजी,

सांगितलं. लपवलं नाही. तू म्हणालीस तसंच म्हटलं, फक्त "घाण" हा शब्द बदलला.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं संपलं. मग विचारलं, "रंग कशात कालवला?" मी तुझं पहिलं पत्र काढून दाखवलं, चुना, काजळी, दूध. मग विचारलं, "भिंत आधी खरवडली होती का? लांबी भरली होती का?" मी म्हटलं, लांबी भरायची होती, पण शेजाऱ्यानं डबा नेला. तेव्हा त्यांनी दुसरं पत्र मागितलं. मी लाजेनं मेले, कारण त्यात बिअर आहे, कावळे आहेत, माझी खोड आहे. पण दिलं. खाचांची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली. मग मला वाचायला लावली. मग खिडकीशी जाऊन आकाशाकडे बघत म्हणाले, "उन्हाचा दिवस हवा, टीराबाई. उन्हाचा." आणखी काही सांगेनात. फसव्या आशा दाखवायला आवडत नाहीत त्यांना.

पेंटेकॉस्टच्या सुट्ट्या संपल्या की मंगळवारी, २९ तारखेला ते येतील. बरोबर त्यांची मदतनीस, वेट्टरहाग नावाची मुलगी, चुन्याच्या कामाची माहितगार. इंजिनियरलाही बोलावलंय, म्हणजे जे व्हायचं ते त्याच्यासमोर होईल.

तू आता तीन गोष्टी करू नकोस. पुसू नकोस. पुन्हा रंगवू नकोस. आणि वालफ्रीदला डबा परत आणू देऊ नकोस! आयुष्यात पहिल्यांदाच तो शहाण्यासारखा वागला असावा.

केक किती करतेस? ह्या वेळी सात कर. अंडी मी पाठवू शकत नाही, वाटेत फुटतील.

तुझी
टीरा


रेव्हेस्टा, बुधवार, ३० मे १९२८

टीरा बाळ,

सगळ्यात आधी टपकला तो वालफ्रीद, आणि मी थोडक्यात वाचले!

मी सकाळी ओव्हनपाशी. सातवा प्रकार चुलीत, अंडी पाद्रीणबाईनं स्वतःहून आणून दिली, म्हणजे तिला यायचंच होतं. बाहेर शिडी भिंतीला लागल्याचा आवाज आला. मला वाटलं, पाहुणे इतक्या लवकर? हात पुसत बाहेर येते तर वालफ्रीद वर! दाढी केलेली, रविवारचा सदरा, एका हातात माझा डबा, एका हातात लांबी फासायची पत्री. मी कुंपणावरून बोलले ते त्याच्या मनाला लागलं होतं म्हणे. "तुझ्या खाचा भरून देतो, एल्फ्रीदा. पाहुणे यायच्या आत गुळगुळीत करून देतो." पत्रीवर लांबीचा हा एवढा गोळा!

मी ओरडले नाही, तो दचकून पडला असता. मी जाऊन त्याचा पाय धरला. पँट धरली खरं तर. म्हटलं, "वालफ्रीद, खाली ये." तो म्हणाला, "लोक बघतील, सोड." मी म्हटलं, "खाली ये नाहीतर पँट खाली येईल." आला. भिंतीला अजून काही लागलं नव्हतं, देवाची कृपा. मी तुझं पत्र आल्या दिवशीच त्याला डबा ठेवून घे म्हणून सांगितलं होतं गं, पण त्याला वाटलं मी रागानं बोलतेय. इतके आठवडे डबा परत कर, डबा परत कर ऐकल्यावर, ठेवून घे म्हटलेलं माणसाला खरं कसं वाटावं?

तेवढ्यात मोटार. डॉक्टर, तो इंजिनियर, आणि तुमची ती वेट्टरहाग. टीरा, काय मुलगी आहे! केस पोरांसारखे कापलेले, खिशात पेन्सिली. शिडीकडे बघितलं, वालफ्रीदच्या पत्रीकडे बघितलं, आणि पांढरीफटक पडली. मी म्हटलं, "नाही लागली, नाही लागली." तेव्हा कुठे तिला श्वास आला.

ऊन होतं. ऊन होतं पण समोरून. ती म्हणाली, "आजीबाई, आरसा आहे का घरात?" माझ्याकडे तुझ्या आजोबांचा दाढीचा आरसा. तो तिनं घेतला, हिरवळीच्या कडेला जाऊन उभी राहिली, आणि उन्हाचा कवडसा भिंतीवर टाकला. समोरून नाही, अगदी कडेनं, भिंतीला घासून जाईल असा. मी मनात म्हटलं, पोर कवडशाशी खेळतेय.

आणि मग खिडकी वर आली.

मला दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. माझ्या मोठ्या काचा, मी काढलेल्या, त्या जणू विरल्या, आणि त्यांच्यातून सगळ्या खाचा सावल्यांनी भरून उभ्या राहिल्या. बारीक बारीक तावदानं, मधला जाड खांब, वरची आडवी पट्टी, सगळं. डॉक्टर म्हणाले, पहिल्या गवंड्यानं गिलावा ओला असतानाच खिळ्यानं आणि पट्टीनं आखून ठेवलं होतं, रंगवणाऱ्याला सोपं जावं म्हणून. म्हणजे तोच तो, कर्नलसाहेबानं ज्याला "रंगव" म्हटलं तो! मी इतकी वर्षं त्याच्या खाचांतून ब्रश चालवला आणि मला वाटायचं, भिंत जुनी, तडकली असेल.

डॉक्टरांनी टोपी काढली. इंजिनियर म्हणाला, "अहो, पण ही रंगवलेली आहे. खोटी खिडकी आहे." डॉक्टर म्हणाले, "खोटी आहे म्हणून तर राहिली. खऱ्या होत्या त्या गेल्या." मग मुलीनं आरसा जरा तिरका केला, आणि खालच्या बाजूला एका तावदानावर तिरप्या रेघा दिसल्या. ती ओरडलीच, "उघडं आहे! एक उघडं आहे!" डॉक्टर शिडीवर चढले, ह्या वयात, मी खालून पाय धरायला तयार. म्हणाले, त्या काळी सगळी खिडकी उघडत नसत, हवेसाठी फक्त एकच छोटं तावदान उघडत असत. ते इथे आखलेलं आहे, बिजागरीसकट.

मामसेलचं तावदान, टीरा! मला वाटायचं तो तिचा लहरीपणा. मला एकदम तिची आठवण आली आणि केक करपेल म्हणून मी आत गेले.

कॉफीला सगळे माझ्या खोलीत. पाद्रीणबाई तर आलीच, वालफ्रीदलाही बसवलं, डबा पायापाशी. डॉक्टरांनी कॉफी बशीत ओतली आणि खडीसाखर दातांत धरून प्यायले, माझ्यासारखेच. म्हणजे शिकलेल्या माणसांनाही येतं. मग सरळ इंजिनियरला म्हणाले, "आता मी पाडू देणार नाही. तसं सरकारला लिहीन, आणि ते ऐकतील." इंजिनियरनं चौथा केक खाल्ला आणि विचारलं, "छपराचे पैसे कोण देणार?" डॉक्टर म्हणाले, "ते वेगळं भांडण. ते आपण खुशाल घालू, पण घर उभं असताना." दोघेही हसले. पुरुषांचं मला कळत नाही.

जाताना इंजिनियर दारात घुटमळला. म्हणाला, "आजीबाई, ती वृद्धाश्रमातली खोली तरी राखून ठेवायला सांगू का?" मी म्हटलं, "सांगा की. तुमचं वय होईल तेव्हा तुम्हाला लागेल." त्याला राग नाही आला. रुबार्बची जेली बरोबर दिली. मनाचा वाईट नाही, कोट वाईट आहे.

आणि तुझं गुपित तर पहिल्यापासूनच गुपित नव्हतं. डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाले, "महिनाभर रेव्हेस्टाचा अर्ज माझ्या कॉफीच्या कपाखाली सापडत होता. मी दरवेळी गठ्ठ्याच्या तळाशी ठेवायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर, कपाखाली. अर्ज आपण होऊन चढत नाहीत, हे मला कळतं." मी म्हटलं, "लहानपणी साखरेच्या डब्यापर्यंत अशीच चढायची." त्यांना डबा भरून केक दिलेत. तू बघ, खातात का. नाही खाल्ले तर तू समोर उभी राहा.

आता पुढचं. मला रंगवायला मनाई केलेली नाही, उलट मीच रंगवायची आहे. वेट्टरहाग माझ्या मोठ्या काचा ओल्या स्पंजानं हळूहळू काढणार, खाचांना धक्का न लावता. मग मी खाचांतून ब्रश चालवायचा, नेहमीसारखा, चुना, काजळी, दूध, आणि ती शेजारी बसून शिकणार. म्हणजे माझ्यानंतर कोणाला तरी येईल. फोटोवालाही आणणार आहेत. पाद्रीणबाई म्हणते, केस विंचर. मी म्हटलं, फोटो खिडकीचा आहे. तरी नवा एप्रन शिवायला घेतलाय. आणि ते एक तावदान मी उघडंच काढीन, अगदी बिजागरीसकट.

वालफ्रीदनं जाताना डबा पुढे केला, अगदी गरिबासारखा. मी म्हटलं, "राहू दे तुझ्याकडे. होडी बुडवू नकोस."

ते सगळे मिडसमरच्या आदल्या आठवड्यातच येतो म्हणालेत, मामसेलच्या वेळेला. गुरुवारी, २१ जूनला, सकाळच्या गाडीनं.

तुझी आजी
एल्फ्रीदा